चाळीस लिटरच्या तांबोळी मॅडम

तांबोळी मॅडमच्या ऑफिसात मी पहिल्यांदा गेले ती भांडायलाच. तयारी करून गेले होते. हातात आमच्या चळवळीच्या गटाचं ताजं पत्रक होतं, त्याची शाई बोटांना लागत होती, आणि जिना चढता चढता पहिलं वाक्य मी दोनदा घोटून घेतलं होतं. तुम्ही बिल्डरच्या पगारी आहात की जनतेच्या, असं ते वाक्य होतं.

शनिवार पेठेत एका स्टेशनरीच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर त्यांचं ऑफिस. पाणीपुरवठ्याचे आराखडे करून देणारी खाजगी कंपनी. चार टेबलं, दोन संगणक, नकाशे छापायचं एक लांबलचक यंत्र. नगर रस्त्याच्या आत, आयटी पार्कच्या पलीकडे हजारो फ्लॅटची नवी वसाहत होणार होती. तिला पाणी कुठून येणार, किती येणार, कुठल्या मजल्यापर्यंत चढणार, हे सगळं इथं ठरत होतं. मी दारातच वाक्य टाकलं. मॅडमनी मानही वर केली नाही.

"पगारी बिल्डरचीच. जनतेनं अजून विचारलेलं नाही," त्या म्हणाल्या आणि हात पुढे केला. मला वाटलं, हात मिळवायला. त्यांना पत्रक हवं होतं.

पत्रक त्यांनी उभ्यानं वाचलं, पेन्सिल घेऊन. एका जागी थांबल्या, गोल केला आणि कागद परत दिला. वसाहत किती पाणी पिणार ते आम्ही मोठ्या अक्षरांत छापलं होतं, आणि दिवसाला लिहायचं ते सेकंदाला लिहिलं होतं. "तुमच्या हिशेबानं ही मंडळी दुपारच्या जेवणाआधी खडकवासला संपवतील," त्या म्हणाल्या. "रागवायचं तर आकडा बरोबर घेऊन रागवा. नाहीतर समोरचा तुमच्या रागाला उत्तर देतच नाही. चुकीला देतो आणि चहा प्यायला जातो."

मग त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला. मी तो प्यायले. पाचशे पत्रकं छापून झाली होती. त्यातल्या ‘सेकंदाला’वर आम्ही तिघींनी बसून पेनानं काट मारली.

पन्नाशीच्या पुढच्या, काटकुळ्या. सुती साडी, खांद्याला पिन, पायात कॅनव्हासचे बूट आणि मनगटावर पुरुषी घड्याळ. घराणं चार पिढ्या पुण्यातलं. कुणीतरी कौतुकानं म्हणायचंच, तुमचं मराठी काय छान आहे हो. त्यावर मॅडम म्हणायच्या, "तुमचंही बरं आहे." म्हणणाऱ्याला ते घरी पोचल्यावर कळायचं.

कुठल्याही घरात गेल्या की पाणी येतं का, असं त्या कधी विचारायच्या नाहीत. किती वाजता येतं आणि किती वाजता जातं, असं विचारायच्या. लोक उत्तर देईपर्यंत स्वयंपाकघरात जाऊन नळ उघडून, धार बघून, बंद करून यायच्या. पर्समध्ये हातरुमालात गुंडाळलेलं दाब मोजायचं काट्याचं यंत्र असायचं. लग्नाच्या हॉलमध्ये हात धुवायच्या नळाला ते लावून बघताना मी त्यांना पाहिलं आहे. जेवणाची पंगत खोळंबली होती.

वसाहतीची जाहिरात त्यांनी टेबलावरच्या काचेखाली ठेवली होती. निसर्गाच्या कुशीत, चोवीस तास पाणी. "निसर्गाच्या कुशीत चोवीस तास पाणी फक्त माशांना असतं," असं त्यावर त्यांचं म्हणणं.

मी जात राहिले. आधी पाळत ठेवायला, मग सवयीनं. त्यांचं मॉडेल म्हणजे काय, ते मला राऊतनं दाखवलं. राऊत यवतमाळकडचा, नुकता इंजिनिअर झालेला. मित्र सगळे सॉफ्टवेअरमध्ये गेले आणि हा एकटा पाइपांत राहिला म्हणून स्वतःवरच चिडलेला असायचा. पडद्यावर रेघांचं जाळं. रेघ म्हणजे पाइप. ठिपका म्हणजे पाणी काढून घ्यायची जागा. प्रत्येक ठिपक्याला उंची सांगायची आणि तिथे किती पाणी लागेल ते सांगायचं. मग संगणक गणित करतो आणि त्या ठिपक्यावर दाब किती उरला ते दाखवतो. पुरेसा असेल तर ठिपका निळा. दाब शून्याच्या खाली गेला की लाल.

"मॅडम, हा तं लाल होऊन राह्यला," राऊत दर पाच मिनिटांनी म्हणायचा.

यातली गोम मॅडमनी मला समजावली. पाणी कमी पडलं तर हे यंत्र कमी पडलं असं म्हणत नाही. तुम्ही जेवढं मागितलं तेवढं दिलंच, असं ते धरून चालतं आणि त्याची भरपाई दाबातून काढतं. म्हणून दाब उणे दिसतो. उणे दाब म्हणजे प्रत्यक्षात काय, असं मी विचारलं.

"म्हणजे घरच्या माणसानं नळ उघडायचा आणि तोंड लावून ओढायचं," मॅडम म्हणाल्या.

बाकीचे इंजिनिअर ठिपक्यांना क्रमांक देत. मॅडम नावं देत. वसाहतीत त्यांचा ‘पोहण्याचा तलाव’ होता, ‘जिम’ होती, ‘चौदावा मजला, तक्रारखोर’ होता. त्या मजल्यावर राहायला अजून कुणी आलेलं नव्हतं, चौदावा मजलाच नव्हता. राऊत हसायचा. "येतील ना," मॅडम म्हणायच्या. छापताना सगळी नावं पुसून क्रमांक टाकायला लागत. तेवढ्यासाठी त्या ऑफिसात दीड तास जास्त बसायच्या.

जाळ्याच्या अगदी शेपटाला तीन ठिपके होते. ‘शाळेमागे’, ‘हौसाबाई’ आणि ‘लिंबाखाली’. ती वस्ती. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. आता ते त्या वसाहतीच्या जाहिरातीत आलं आहे आणि मला फुकट जाहिरात करायची नाही. शहराकडून वसाहतीला येणारा मोठा पाइप या वस्तीच्या टेकाडाच्या पायथ्यावरून जाणार होता. सरकारी अट अशी होती की वाटेतल्या जुन्या वस्तीला त्यातूनच पाणी द्यायचं, तांत्रिकदृष्ट्या शक्य असल्यास. ‘तांत्रिकदृष्ट्या शक्य असल्यास’ हे तीन शब्द मी तेव्हा वाचले होते. वाचून पुढे गेले होते.

मॅडम वस्ती बघायला निघाल्या तेव्हा मला घेऊन गेल्या. शेवटच्या बसथांब्यापासून चालत. एका बोअरचं पाणी टाकीत चढवून दिवसाआड तासभर सोडायचे. आम्ही पोचलो ती वेळ मॅडमनी बरोबर साधली होती. सगळी वस्ती एकाच वेळी भांड्यांच्या आवाजात होती. ज्यांच्या नावाचा ठिपका होता त्या हौसाबाईंच्या अंगणात नळाला नुसताच पाइप, पुढे काही नाही. मॅडमनी विचारलं, तोटी कुठे गेली?

"तोटी कशाला, बाई?" हौसाबाई म्हणाल्या. "पानी येतंय घटकाभर. त्ये बंद करनार कोन हाय?"

मॅडम हसल्या. मी त्यांना मोठ्यानं हसताना पहिल्यांदा पाहिलं. मग वही काढून ते वाक्य त्यांनी जसंच्या तसं लिहून घेतलं. परतताना म्हणाल्या की संगणकाला वाटतं, माणसं बादली भरली की नळ बंद करतात. हौसाबाईंच्या वाक्यासाठी त्याच्याकडे रकानाच नाही.

हौसाबाईंचे गुडघे गेलेले. बोअर आटलं की टेकाडाखालच्या विहिरीवरून हंडे आणायचं काम सुनेकडे. सून आयटी पार्कात साफसफाईला जायची. कंपनीची गाडी सकाळी सातला खालच्या रस्त्यावर यायची आणि कुणासाठी थांबायची नाही. पाणी आणि गाडी एकाच वेळेला आली की सून दोन्हींतलं एक सोडायची. बहुतेक वेळा गाडी. हौसाबाईंनी हे काही तक्रार म्हणून सांगितलं नाही. मॅडमनी वेळा विचारल्या होत्या, त्यांनी वेळा सांगितल्या.

मग तो कागद माझ्या हातात आला. राऊतच्या टेबलावर होता, मी उचलला. ठिपक्यावार मागणी. वसाहतीला माणशी एकशे पस्तीस लिटर. वस्तीला चाळीस.

मला पत्रकं लिहायची सवय आहे. डोक्यात मथळे आधी तयार होतात, विचार मागून येतो. मी कागद मॅडमच्या टेबलावर आपटला आणि विचारलं की ही माणसं नाहीत का? चौदाव्या मजल्यावर जन्मालाही न आलेल्या माणसाला एकशे पस्तीस आणि हौसाबाईंना चाळीस?

मॅडम उठल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. ते दार मी कधी लागलेलं पाहिलं नव्हतं. त्यावर नकाशे अडकवलेले असायचे, ते सगळे खाली पडले. राऊत उचलायला लागला, तर म्हणाल्या, राहू दे.

त्यांनी जे सांगितलं ते इतकं साधं होतं की आता मला त्याचा त्रास होतो. ग्रामीण वस्तीला माणशी चाळीस लिटर धरतात, हा सरकारचाच नियम. चाळीस धरले तर ‘लिंबाखाली’चा ठिपका जेमतेम निळा राहतो. एकशे पस्तीस धरले की लाल. लाल झाला की मोठा पंप घाला, वेगळी लाइन टाका, खर्च वाढवा. तो करायची बिल्डरची इच्छा नाही, आणि त्याच्या मदतीला ते तीन शब्द आहेत. वस्ती वगळली जाईल. चाळीसवर कुणाचं लक्षही जाणार नाही.

"पाइप एकदा जमिनीत गेला की त्याला आकडा कुणी विचारत नाही," त्या म्हणाल्या. "त्या बाईच्या नळाला तोटी नाही. ती चाळीसवर थांबणार आहे का?"

"म्हणजे खोटं लिहायचं."

"खोटं नाही. नियमातलं आहे. नियम अन्यायाचा आहे, हे कबूल. पण या वेळी तो आपल्या कामाचा आहे."

"आम्ही अन्यायाचा नियम वापरत नाही," मी म्हणाले. वाक्य बरं वाटलं. पुढे पत्रकातही घातलं.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. चिडल्या नव्हत्या. उंच जागचा नळ बघावा तसं बघत होत्या.

"तुमचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण तीन आठवडे बरोबर असू नका. मंजुरी होऊ द्या. मग मीच तुम्हाला सगळे आकडे देते. हवं तितकं बरोबर असा."

मी निघून आले. गटाच्या बैठकीत सांगितलं की बाई हुशार आहे, पण माणूस बिल्डरचाच. तेव्हा मला हे मनापासून वाटत होतं, हे लिहून ठेवते. एका रात्रीत पत्रक झालं. फ्लॅटवाल्याला एकशे पस्तीस, गाववाल्याला चाळीस! या वेळी आकड्यात एकही चूक नव्हती. मार्केट यार्डात हमालांच्या पाळीच्या वेळी वाटलं, आयटी पार्काच्या बसथांब्यांवर वाटलं, वस्तीत घरोघर वाटलं. एक प्रत मॅडमच्या टेबलावर ठेवून आले. त्या जागेवर नव्हत्या. राऊतनं ते वाचलं आणि मला एवढंच म्हणाला, "ताई, तुम्ही हे काय करून राह्यल्या?"

वसाहतीच्या जनसुनावणीला हॉल भरला होता. मी बोलले. चांगलं बोलले, टाळ्या पडल्या. झाडांबद्दल, रस्त्याबद्दल, कचऱ्याबद्दल लोकांच्या कितीतरी हरकती होत्या. सुनावणी घेणाऱ्या सरकारी साहेबांनी सगळ्या नोंदवून घेतो म्हणून बाजूला ठेवल्या. आमची, पाण्याच्या आकड्याची, एकच मान्य केली. तिथल्या तिथं. बिल्डरचा माणूस स्वतः उठून म्हणाला की आम्हीही याच मताचे आहोत, पाण्यात भेदभाव नको. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण लोक टाळ्या वाजवत होते.

मॅडम मागच्या रांगेत, मांडीवर फाइल घेऊन. साहेबांनी विचारलं, मॉडेलमध्ये आकडा बदलता येईल ना?

"आकडा बदलता येतो," त्या उभ्या राहून म्हणाल्या. "टेकाड बदलता येत नाही."

लोक हसले. साहेब म्हणाले, मग आकडा बदला. आम्ही त्या संध्याकाळी वस्तीवर पेढे वाटले.

नंतरचं मला राऊतनं सांगितलं. आकडा मॅडमनी स्वतःच्या हातानं टाकला. तिन्ही ठिपके लाल झाले. मग आठ दिवस त्या त्याच तीन ठिपक्यांवर बसल्या. पाइप जाड करून बघितला, पंप मोठा करून बघितला, वाटेत टाकी घालून बघितली. प्रत्येक वेळी ठिपका निळा होई, मग त्याचा खर्च बिल्डरकडे जाई आणि नाही म्हणून परत येई. शेवटी सरकारी पत्र आलं. तांत्रिकदृष्ट्या शक्य नसल्याने सदर वस्ती योजनेतून वगळण्यात यावी. पत्रात कारण म्हणून आमच्या हरकतीचा उल्लेख होता. नागरिकांच्या मागणीनुसार सुधारित दराने पडताळणी केली असता, असं.

ठिपके काढायचं काम राऊत करणार होता. एकेक ठिपका निवडायचा आणि पुसायचा, दर वेळी संगणक विचारतो, नक्की पुसायचं का? "मी म्हटलं, मॅडम मी करून देतो," राऊत म्हणाला. "तं म्हणाल्या, नावं मी ठेवली होती."

आम्ही तेव्हा त्यांच्या ऑफिसाखाली रस्त्यावर उभे होतो. मला वाटलं, आता आपल्याला रडू येईल, किंवा राग तरी. राग मला पटकन येतो, त्यावरच आमचा गट चालतो. काहीच आलं नाही. स्टेशनरीच्या दुकानात एक मुलगी कंपासपेटी निवडत होती. निळी की हिरवी, तिचं ठरत नव्हतं. मी ते पूर्ण बघितलं. तिनं हिरवी घेतली. मग मी राऊतला विचारलं, चहा घेणार का? त्यानं नको म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला. वस्तीवर सांगायला जाणार आहे, यायचं तर या. त्यांना जायचं काही कारण नव्हतं. पत्र सरकारचं होतं, निर्णय सरकारचा. कंपनीच्या साहेबांनी तर जाऊ नका असंच सांगितलं होतं.

देवळापुढच्या मंडपात लोक जमले. मॅडमनी बूट बाहेर काढले, उभ्या राहिल्या आणि सांगितलं की पाइप पायथ्यावरून जाईल, पण वस्तीत येणार नाही. दोन वाक्यांत सांगितलं. मग हौसाबाई म्हणाल्या, "पर पेढं वाटलं न्हवं का?"

मी खांबाला टेकून उभी होते.

एका तरुण पोरानं विचारलं की आधी येणार होता, मग मधे झालं काय? मॅडमनी त्याला सगळं नीट सांगितलं. चाळीसला बसत होतं, एकशे पस्तीसला बसत नाही. पोरगा म्हणाला, मग एकशे पस्तीस घातले कुणी?

"मी," मॅडम म्हणाल्या. "माझ्या हातानं घातले."

ते खरंच होतं. बोट त्यांचंच होतं. पोरानं विचारलं, बिल्डरनं किती चारले? मॅडम म्हणाल्या, हा प्रश्न मला यापूर्वीही विचारून झालेला आहे. आणि माझ्याकडे बघितलं नाही. मंडपातल्या निम्म्या लोकांच्या घरांत आमचं पत्रक होतं, काहींनी ते देवळाच्या भिंतीला लावलं होतं. चाळीसच्या विरुद्ध कोण ओरडत होतं, हे त्या पोरालाही जरा विचार केला असता तर कळलं असतं. पण मॅडमनी इतकं सरळ ‘मी’ म्हटल्यावर विचार कोण करतो? पुढची पंधरा मिनिटं लोक त्यांना बोलत होते. एक म्हातारा त्यांच्या धर्मावर गेला. हौसाबाई त्याच्यावर खेकसल्या. मॅडम हात मागे बांधून उभ्या. लोकांचं संपल्यावर त्यांनी विचारलं की टँकर किती वाजता आलेला चालेल, कारण ते मागणीपत्रात लिहायला लागेल. हौसाबाई म्हणाल्या, सातच्या आदी.

मी भिंतीवरचं आमचं पत्रक पुन्हा पुन्हा वाचत होते. माझ्याकडे वाक्य नव्हतं. एवढंच.

बसमध्ये मी विचारलं की तुम्ही सांगितलं का नाही? त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. वसाहतीचे पहिले खांब वर यायला लागले होते.

"त्यांचा माझ्यावर विश्वास नव्हताच," त्या म्हणाल्या. "तुमच्यावर आहे. एकीवरचा तरी राहू दे. लागेल."

माझ्यावर दया करून त्या तसं वागल्या, असं समजायची सोय त्यांनी ठेवली नाही. त्यांनी हिशेब केला होता. उरलेला दाब कुठं टिकेल ते बघितलं होतं.

टँकर सुरू झाला. तो साडेसातला यायचा. हौसाबाईंच्या सुनेनं दोन महिने काढले आणि नोकरी सोडली. वसाहतीत पहिल्या इमारती भरल्या. यवतमाळ, अमरावती, नागपूरकडची पोरं, लॅपटॉपच्या पाठपिशव्या. त्यांचा काही दोष नाही. हे वाक्य लिहायला मला वेळ लागला, पण नाही. मॅडम वर्षभरात निवृत्त झाल्या आणि विश्रांतवाडीला बहिणीकडे राहायला गेल्या. मी एकदा गेले होते. नळ उघडून, धार बघून, बंद केला आणि मगच बसले. बहीण म्हणाली, घ्या, आता दोन झाल्या.

मग दोन वर्षांनी एका संध्याकाळी फोन. "उद्या सकाळी मोकळ्या आहात का? एक टोक धरायला माणूस पाहिजे."

मी वस्तीवर पोचले तेव्हा त्या देवळाच्या पायरीवर बसल्या होत्या. खांद्यावर पारदर्शक नळीचं भलंमोठं वेटोळं. गवंडी लोक पातळी बघायला वापरतात ती. नळीत पाणी भरायचं. एक टोक इथं, दुसरं तिकडं, मध्ये कितीही वळणं असोत, दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर थांबतं. मग जमिनीपासून त्या पाण्याची उंची दोन्हीकडे काठीनं मोजायची. फरक कळतो. टप्प्याटप्प्यानं असं टेकाड उतरायचं.

का, ते त्यांनी उभ्याउभ्या सांगितलं. वस्तीची उंची म्हणून त्या वेळी मॉडेलमध्ये तिन्ही ठिपक्यांना देवळाची उंची घातली होती. नकाशावर तीच होती, आणि वस्तीतल्या सगळ्यांत उंच घराची उंची धरायची अशी सगळ्यांचीच पद्धत. मोठ्या साइटला कुणी उतरून मोजत नाही. त्यांनीही मोजलं नव्हतं. पण पायथ्याशी शाळेच्या कुंपणालगत सरकारी जागेचा एक तुकडा आहे. टाकी तिथं खाली बांधली, तर ठिपका तिथला धरावा लागेल, आणि तेवढ्या खाली दाब उरू शकतो. तिथून वर चढवायला वस्तीचा स्वतःचा छोटा पंप. ती जागा देवळापेक्षा किती खाली आहे, त्यावर सगळं. निवृत्त बाईसाठी मोजणीदार कोण पाठवणार? हे मला आधी सुचायला हवं होतं, असं त्या म्हणाल्या. तीनदा म्हणाल्या. "आठ दिवस बसले होते आणि वरच बघत होते."

"या वेळी माणशी किती धरलेत?" मी विचारलं.

"एकशे पस्तीस. तुम्ही सोडणार थोड्याच."

त्या मोजणीवरून केलेला अर्ज अजून सरकारी कचेरीत आहे. मी महिन्यातून एकदा जाते. फाइल दोनदा टेबलं बदलून परत पहिल्या टेबलावर आली. त्यातले आकडे मी तपासले आहेत, चूक नाही. मॅडम पुढच्या थंडीत गेल्या. राऊत आता हैदराबादला असतो, त्याचा फोन आला तेव्हा दफन होऊन दोन दिवस झाले होते. मी बरं म्हटलं. हौसाबाईंना सांगायला गेले, तर त्या म्हणाल्या, ती बुटाची बाई व्हय? आणि आत जाऊन बसल्या.

मला त्या दिसतात त्या सकाळच्याच. आम्ही देवळापासून सुरुवात केली. वरचं टोक माझ्याकडे, खालचं त्यांच्याकडे. प्रत्येक टप्प्याला त्या नळी सोडत उतरायच्या, थांबायच्या, मोजायच्या, वहीत लिहायच्या, मग मी त्यांच्या जागी जायचं आणि त्या आणखी खाली. कॅनव्हासचे बूट मुरमावरून घसरत होते. मी म्हटलं, मी खाली जाते, तुम्ही वर थांबा. त्या म्हणाल्या, तुम्ही तिकडून ओरडून आकडा सांगाल आणि मी ऐकून लिहीन, नको.

तिसऱ्या की चौथ्या टप्प्याला मी म्हणाले, "मॅडम, त्या दिवशी मंडपात मी बोलायला हवं होतं."

"हो," त्या म्हणाल्या. "नळी ताणू नका."

आणि त्या वळणापलीकडे गेल्या. तिथं एका घराची मागची भिंत पुढे आलेली आहे, तिच्याआड दिसेनाशा झाल्या. नळी तेवढी भिंतीच्या कडेवरून हळूहळू सरकत होती. मग थांबली. माझ्या हातातल्या टोकात पाणी वरखाली व्हायला लागलं.

"थांबलं का?" भिंतीमागून आवाज आला.

"थांबलं."

"बघून सांगा. घाई नाही."

मी बघितलं. पाणी अजून केसभर हलत होतं. दोन्ही हातांनी नळी धरून तशीच उभी राहिले.